पाऊस कोठून येतो आणि कोठे अडतो?

पाऊस लांबला की त्याची कारणे सांगणारे गावोगाव भेटतात. कोणी म्हणते पाऊस रुसला, कोणी धोंडी काढते, कोणी गाढवाचे लग्न लावते. पावसाला राग नाही आणि लोभही नाही. त्याला कारणे आहेत. ज्यांचे घर मजुरीवर चालते त्यांनी तर ती समजून घ्यायलाच हवीत, असे आम्हांला वाटते. कारण पाऊस नाही तर पेरणी नाही आणि पेरणी नाही तर खुरपणीही नाही.

माताभगिनींनी शिजत्या भाताच्या पातेल्यावरचे झाकण उचलून पाहावे. आतल्या बाजूने पाण्याचे थेंब दिसतील. वाफ वर गेली, थंड झाकणाला लागली आणि तिचे पाणी झाले. आकाशातही हेच घडते. एक किलोमीटर उंच गेले की हवा सुमारे ६ अंशांनी थंड होते. वर गेलेल्या बाष्पाचे तेथे ढग बनतात.

हे बाष्प आपल्याकडे आणतो वारा. उन्हाळ्यात जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते. तापलेली हवा हलकी होऊन वर जाते आणि वायव्य भारतात हवेचा दाब कमी होतो. विषुववृत्ताच्या दक्षिणेला हिंदी महासागरावर मात्र दाब जास्त असतो. वारा जास्त दाबाकडून कमी दाबाकडे धावतो. पृथ्वी स्वतःभोवती फिरत असल्यामुळे विषुववृत्त ओलांडल्यावर तो उजवीकडे वळतो आणि नैर्ऋत्येकडून आपल्यावर येतो. हेच मोसमी वारे. १ जूनच्या सुमारास ते केरळात पोहोचतात. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत देशात सरासरी ८७ सेंटिमीटर पाऊस पडतो.

पण हा पाऊस सर्वांना सारखा मिळत नाही. वाऱ्याच्या वाटेत सह्याद्री आडवा उभा आहे. वारा डोंगर चढतो, थंड होतो आणि बहुतेक पाणी तेथेच टाकतो. पलीकडे उतरताना तीच हवा पुन्हा तापते आणि कोरडी होते. म्हणून महाबळेश्वरला वर्षाला ५००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर जवळच खाली असलेल्या वाईला १००० मिलिमीटरही पडत नाही. माणदेश याच पर्जन्यछायेत येतो. मराठवाड्याची आणि विदर्भाची भिस्त बरीचशी बंगालच्या उपसागरातून येणाऱ्या कमी दाबाच्या क्षेत्रांवर असते. ती आली नाहीत की पिके माना टाकतात.

काही कारणे तर फार दूरची असतात. दक्षिण अमेरिकेजवळचा प्रशांत महासागर काही वर्षी नेहमीपेक्षा जास्त तापतो. त्याला एल निनो म्हणतात. अशा वर्षी आपल्याकडे पाऊस कमी होण्याची शक्यता वाढते. १९७२, २००९, २०१५ आणि २०२३ या वर्षी तसेच झाले. पण १९९७ साली मोठा एल निनो असूनही देशात पाऊस सरासरीएवढा झाला. म्हणजे एकाच कारणावर सारे ठरत नाही.

१९७२ चा दुष्काळ महाराष्ट्रातील जुनी माणसे विसरलेली नाहीत. लाल मिलो, सुकडी आणि उन्हात फोडलेली खडी त्यांच्या आठवणीत आहे. पाऊस कमी पडला तो निसर्गाच्या नियमाने. पण पडलेले पाणी कोणाच्या विहिरीत साठते आणि कोणाच्या घरी हंडा रिकामा राहतो, हे माणसे ठरवतात. निसर्गाचा नियम बदलता येत नाही. पाण्याची वाटणी मात्र बदलता येते, आणि ती मागण्याचा आपल्याला हक्क आहे.

घरच्या घरी एवढे तरी करावे. सरळ बाजूंचा एक डबा अंगणात, झाडापासून आणि पागोळीपासून दूर ठेवावा. रोज सकाळी मुलांनी त्यातले पाणी पट्टीने मोजून वहीत लिहावे व डबा रिकामा करावा. डब्यात जितके मिलिमीटर पाणी, तितका मिलिमीटर पाऊस. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमीन ओली झाल्याशिवाय पेरणी करू नये, असे कृषी खाते सांगते. पहिल्या सरीला भुलून केलेली पेरणी वाया गेली तर बियाण्यासाठी पुन्हा कर्ज काढावे लागते. मुलांच्या वहीतला आकडा ते कर्ज वाचवू शकेल.