कोणता पार्ट गेलाय?

रात्रीचे अकरा वाजले होते. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय विमानतळावर काउंटरमागच्या मुलीने हसतमुखाने सांगितले, "टेक्निकल कारणामुळे फ्लाइटला उशीर आहे, सर." त्यावर काकांनी तिला विचारले, "कोणता पार्ट गेलाय?"

मुलगी गोंधळली. काकूंनी मागून काकांच्या शर्टाची बाही ओढली. पण काकांचा प्रश्न अगदी सरळ होता. काका निघोजेचे. पिंपरीच्या एका कारखान्यात त्यांनी एकतीस वर्षे मेंटेनन्स खात्यात काढली. मशीन बंद पडले की पहिला प्रश्न कोणता पार्ट गेला, दुसरा तो स्टोअरमध्ये आहे का, आणि तिसरा लाइन किती वाजता सुरू होईल. या तिन्हींची उत्तरे मिळाली की माणूस निवांत चहा प्यायला मोकळा. ती मिळाली नाहीत, तर कोणीतरी काहीतरी लपवतो आहे, असे काकांचे एकतीस वर्षांचे अनुभवसिद्ध मत.

पहाटे दोनचे विमान सहाचे झाले. सहाचे "संध्याकाळी कळवू" झाले. मग अंधेरीतले हॉटेल, आणि दुसऱ्या दिवशीच्या रात्री पुन्हा तीच रांग. एकूण उशीर तीस तासांचा. काकांच्या मधुमेहाच्या गोळ्या मोठ्या बॅगेत, आणि ती बॅग विमानाच्या पोटात. अमेरिकेतल्या लेकीचे दिवस भरत आले होते, म्हणून चार दिवस हाताशी ठेवून तिकिटे काढली होती. बाळाला मात्र आजीआजोबांच्या तिकिटाशी काही देणेघेणे नव्हते. ते आले, तेव्हा आजीआजोबा अंधेरीच्या हॉटेलात डाळभात खात होते. नातीचे पहिले दर्शन जावयाच्या फोनवर झाले. "पहिल्या बाळंतपणाला आई जवळ नाही," एवढेच काकू म्हणाल्या आणि ताट बाजूला सारून बसून राहिल्या.

चाकण-म्हाळुंगे पट्ट्यात अशी कहाणी आता घरटी एक सापडेल. २००९ मध्ये फोक्सवॅगनचा आणि पाठोपाठ महिंद्रचा कारखाना निघोजेच्या शिवारात आला. कोणाची जमीन गेली, कोणाच्या मुलाला नोकरी लागली, कोणाची मुलगी इंजिनिअर होऊन परदेशी गेली. याच चाकण-राजगुरुनगर परिसरात आंतरराष्ट्रीय विमानतळ होणार, ही चर्चा कित्येक वर्षे चालली. जमिनीवरून विरोध झाला आणि २०१६ मध्ये तो बेत पुरंदरकडे वळला. त्यामुळे अमेरिकेला निघालेला निघोजेचा माणूस आजही दुपारीच घर सोडतो. तळेगाव रस्त्यावरच्या कंटेनरच्या रांगांतून वाट काढत एक्स्प्रेस वेवर येतो आणि पाच-सहा तास आधी मुंबईत पोहोचून बसतो. विमान रद्द झाले, तर तो परत जाणार कुठे?

घाटात एसटी बंद पडली की कंडक्टर मागून येणारी गाडी थांबवतो आणि दहा माणसे तिच्यात, दहा पुढच्या गाडीत बसवून देतो. तीनशे माणसांच्या विमानाला मागची गाडी नसते. मोठ्या विमानाच्या उशिराचे निम्मे रहस्य एवढेच आहे. अमेरिकेला जाणारे लांब पल्ल्याचे विमान सोळा-सतरा तास उडते, तिथे उतरते, झाडलोट आणि तपासणी होते, आणि तेच परत येते. मुंबईत ते रात्री अडले, तर तिकडून परत यायला बसलेले तीनशे लोकही अडले. बदली उभे करायला दुसरे मोठे विमान लागते. पण ज्या विमानाची किंमत शेकडो कोटी, ते "असू दे एक जादा" म्हणून कोण उभे ठेवील? काकांच्या भाषेत सांगायचे तर लाइनवर एकच मशीन आणि त्याला स्टँडबाय नाही.

उरलेले निम्मे रहस्य वयाचे. विमान म्हातारे होते म्हणजे त्याचे पंख गळून पडत नाहीत. हायड्रॉलिकच्या नळीतून तेल झिरपू लागते, वातानुकूलन यंत्राची झडप अडकते, एखादा सेन्सर उगीचच धोक्याचा दिवा लावतो. दिवा खोटा असला, तरी तो खोटा आहे हे सिद्ध केल्याशिवाय विमान हलत नाही, आणि हलू नयेच. प्रत्येक जातीच्या विमानासाठी एक मान्यताप्राप्त यादी असते. कोणती वस्तू बंद असताना, किती दिवस आणि कोणत्या अटींवर उडता येईल, हे तीत लिहिलेले असते. शेपटीतले छोटे सहायक इंजिन बंद असताना मुंबई-दिल्ली फेरी मारता येते. दोन इंजिनांच्या विमानाने जवळच्या विमानतळापासून काही तास दूर राहून महासागर ओलांडायचा असेल, तर हाच नियम कडक होतो. म्हणजे तेच विमान, तोच बिघाड, पण एका मार्गावर चालतो आणि दुसऱ्यावर नाही.

त्यात वैमानिकांच्या कामाच्या तासांची भर. चार तासांची दुरुस्ती असली, तरी तेवढ्यात वैमानिकांचे तास भरतात. पुढे सोळा तास उडायचे असते. मग नवी तुकडी येईपर्यंत किंवा तीच विश्रांती घेऊन परतेपर्यंत थांबावे लागते. चाराचे वीस तास होतात ते असे. प्रवासी मात्र समजतो, की मेकॅनिक वीस तास पाना फिरवत होता.

एअर इंडियाची अलीकडची उदाहरणे सर्वांच्या वाचनातली आहेत. २४ मे २०२४ चे मुंबई-सॅनफ्रान्सिस्को आणि ३० मेचे दिल्ली-सॅनफ्रान्सिस्को या दोन विमानांना एवढा उशीर झाला, की नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने कंपनीला कारणे दाखवा नोटीस दिली. दिल्लीत तर ऐन उन्हाळ्यात, वातानुकूलन बंद असलेल्या विमानात बसवलेल्या काही प्रवाशांना भोवळ आली होती. त्याआधी ६ जून २०२३ रोजी दिल्लीहून सॅनफ्रान्सिस्कोला निघालेले बोइंग ७७७ एका इंजिनाच्या तक्रारीमुळे रशियाच्या अतिपूर्वेकडील मगदानला उतरले. २१६ प्रवासी आणि १६ कर्मचारी. गावात एवढ्या हॉटेलखोल्या नाहीत, म्हणून लोक शाळेत जमिनीवर गाद्या टाकून झोपले. त्यांना आणायला दुसरे विमान निघाले ते मुंबईहून, खाण्याचे पदार्थ बरोबर घेऊन. १७ जून २०२५ ला सॅनफ्रान्सिस्कोहून कोलकातामार्गे मुंबईला येणाऱ्या प्रवाशांना इंजिनाच्या बिघाडापायी पहाटे कोलकात्यातच उतरावे लागले.

मार्च २०२५ मधल्या शिकागो-दिल्ली विमानाची गोष्ट मात्र वेगळ्या जातीची. बारांपैकी आठ स्वच्छतागृहे तुंबली आणि विमान अर्ध्या वाटेवरून मागे फिरले. नळांत पॉलिथिनच्या पिशव्या, चिंध्या आणि कपडे सापडल्याचे कंपनीने सांगितले. हे विमानाचे म्हातारपण नव्हे. त्याबद्दल आपण प्रवाशांनीच थोडे खजील व्हावे.

जुने विमान धोक्याचे का, हा काकूंचा प्रश्न. त्याचे उत्तर वर्षांत मोजून देता येत नाही. विमान वर चढते तेव्हा आतली हवा दाबाने भरलेली असते, उतरताना तो दाब कमी होतो. दर फेरीला धातूचे कवच एकदा फुगते, एकदा बसते. वायर वाकवून वाकवून तुटते, तसाच हा प्रकार. २८ एप्रिल १९८८ ला हवाई बेटांवर अलोहा कंपनीच्या बोइंग ७३७ चे छत आकाशात उडाले. एक हवाई सेविका बाहेर फेकली गेली आणि दगावली. ते विमान एकोणीस वर्षांचे होते, पण खरा आकडा फेऱ्यांचा होता : ८९,६८०. बेटाबेटांमधल्या आखूड फेऱ्या आणि खारी हवा. त्यानंतर जगभर जुन्या विमानांच्या तपासणीचे नियम कडक झाले. एका उड्डाणात सोळा तास काढणाऱ्या मोठ्या विमानाच्या फेऱ्या त्या मानाने फार थोड्या असतात. आणि नवेपण म्हणजे अभय, असेही नाही. १८ एप्रिल १९७१ रोजी मुंबईत दिमाखात उतरलेले एअर इंडियाचे पहिले जंबो 'एम्परर अशोक' १ जानेवारी १९७८ ला वांद्र्याच्या समुद्रात कोसळले आणि २१३ जण गेले. तेव्हा ते सात वर्षांचेही नव्हते. जुन्या विमानात जीव जाण्यापेक्षा दिवस जाण्याची शक्यता कितीतरी जास्त, असे मी काकूंना सांगितले. त्यांचे समाधान झाले असे वाटले नाही.

मग नवी विमाने का घेत नाहीत? घेतली आहेत, पण त्यांतली बरीच अजून कागदावर. टाटांनी जानेवारी २०२२ मध्ये एअर इंडिया ताब्यात घेतली, तेव्हा सुट्या भागांअभावी बरीच विमाने जमिनीवर उभी होती. फेब्रुवारी २०२३ मध्ये ४७० विमानांची मागणी जाहीर झाली. तिच्यात दहा बोइंग ७७७-९ आहेत. हे मॉडेल २०२० मध्ये यायचे होते, त्याची तारीख आता २०२७ वर गेली आहे. दरम्यान, अमेरिकेच्या डेल्टा कंपनीने निवृत्त केलेली पाच ७७७ भाड्याने आणून लांबच्या मार्गांवर लावली गेली. जुन्या विमानांची आतली दुरुस्ती करायची, तर ती उभी करावी लागतात, आणि उभी केली की मार्ग बंद होतात. १ सप्टेंबर २०२५ पासून दिल्ली-वॉशिंग्टन सेवा थांबली, त्याच्या कारणांत हे एक होते. घराची डागडुजी काढली की भाडेकरूला बाहेर जावे लागते, तसे हे.

वेळेवर निरोप देण्याचा शहाणपणाही या धंद्यात दिसायला हवा होता. २२ एप्रिल २०२४ ला एअर इंडियाचे शेवटचे जंबो मुंबईहून अमेरिकेला, सुटे भाग काढण्यासाठी, रवाना झाले. उडाल्यावर वैमानिकाने पंख हलवून शहराचा निरोप घेतला. ती चित्रफीत पाहताना अनेकांचे डोळे पाणावले. पण त्याच जंबोसाठी पूर्वी ताटकळलेल्यांतलेही काही त्यांत असतील!

प्रवाशाच्या हाती काय? रात्री आठ ते पहाटे तीन या वेळेतले विमान सहा तासांहून अधिक लांबले, तर आपल्याकडच्या नियमांनुसार हॉटेलची सोय मागता येते, आणि सहा तासांच्या वर उशीर असेल तर पर्यायी विमान किंवा पैसे परत. युरोपात याहून कडक आहे. तिथल्या न्यायालयाने २००८ मध्येच सांगितले, की नेहमीचा तांत्रिक बिघाड ही 'असाधारण परिस्थिती' नव्हे. त्यामुळे सहाशे युरोपर्यंत भरपाई द्यावी लागते. आपल्याकडे विलंबासाठी रोख भरपाई नाही. ती असती, तर काउंटरवर 'टेक्निकल कारण' एवढेच सांगून भागले नसते, असे मला वाटते. माणूस उशीर सोसतो, अंधार सोसत नाही. वाल्व्ह गेला आहे, तो उद्या दुपारी येईल, एवढे सांगितले असते तर काका हॉटेलात झोपले असते. ते रात्रभर लॉबीत येरझाऱ्या घालत राहिले.

परतीच्या प्रवासात काकांची खुर्ची मागे होईना आणि समोरचा टीव्ही बंद होता, पण विमान वेळेवर सुटले. "इंजिन चांगलं असलं म्हणजे झालं," काका म्हणाले. आता दिवाळीनंतर पुन्हा जायचे आहे, नातीच्या पहिल्या वाढदिवसाला. या वेळी तिकीट दहा दिवस आधीचे आहे. काकूंनी गोळ्यांची आठवड्याची पाकिटे करून हातातल्या पिशवीत ठेवली आहेत. वर बेसनाच्या लाडवांचा डबा आहे, आणि तोही पोटातल्या बॅगेत जाणार नाही.