संगणक अभियांत्रिकीचे शेवटचे वर्ष

संगणक अभियांत्रिकीची पदवी चार वर्षांची, आठ सत्रांची असते. पण पदवीनंतर काय, याचा बराचसा निकाल सहाव्या सत्रातच लागलेला असतो. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांत सातवे सत्र पावसाळ्यात सुरू होते आणि साधारण त्याच सुमारास कॅम्पसवर कंपन्या येऊ लागतात. त्या वेळी विद्यार्थ्याच्या हातात तिसऱ्या वर्षापर्यंतचेच गुण असतात. दहावी, बारावी किंवा डिप्लोमा आणि पदवी या सगळ्यांत साठ टक्के हवेत आणि विषय राहिलेला नको, अशी अट अनेक मोठ्या कंपन्या लावतात. अंतिम वर्षात कितीही नेटाने अभ्यास केला तरी ही चाळणी त्याआधीच लागून गेलेली असते.

म्हणून आधी मागची बाकी चुकती करावी लागते. मुंबईत तिला ‘केटी’ म्हणतात, पुण्यात ‘बॅक’. तिसऱ्या वर्षाचे काही विषय घेऊन अंतिम वर्षात जाता येते. दुसऱ्या वर्षाचे विषय मात्र एरवी सुटलेले असावे लागतात, नाहीतर ‘वायडी’, म्हणजे वर्ष वाया. राहिलेला विषय सातव्या सत्राच्या परीक्षेपर्यंत पुढे ढकलला, तर प्रोजेक्ट, कॅम्पसच्या चाचण्या आणि जुना विषय हे तिन्ही एकाच दिवाळीत डोक्यावर येतात. सहाव्या सत्रानंतरची उन्हाळ्याची सुटी त्यासाठी सर्वांत चांगली. पुढे वर्षभर तेवढा मोकळा वेळ पुन्हा मिळत नाही.

अंतिम वर्षाच्या विषयांची नावे भारदस्त असतात. पुणे विद्यापीठाच्या २०१९ च्या पॅटर्नमध्ये सातव्या सत्रात मशिन लर्निंग आणि ब्लॉकचेन, तर आठव्या सत्रात हाय परफॉर्मन्स कॉम्प्युटिंग आणि डीप लर्निंग असे विषय आहेत. नोकरीच्या मुलाखतीत मात्र बहुतेक प्रश्न दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या विषयांतून येतात: डेटा स्ट्रक्चर्स, डेटाबेस, ऑपरेटिंग सिस्टिम, नेटवर्क. यामागे कारण आहे. नवी साधने कंपनी काही महिन्यांत शिकवू शकते. पाया कच्चा असेल, तर तो पुन्हा घालून द्यायला तिच्याकडे वेळ नसतो.

हा पाया म्हणजे काय, ते एका उदाहरणावरून कळेल. दहा लाख नावांची अकारविल्हे लावलेली मतदारयादी आहे आणि त्यात एक नाव शोधायचे आहे. पहिल्यापासून एकेक नाव बघत गेले, तर वाईटात वाईट दहा लाख वेळा बघावे लागेल. यादी मधोमध उघडायची, हवे ते नाव आधी येते की नंतर ते बघायचे आणि उरलेली अर्धी यादी बाजूला सारायची, असे करत गेले तर वीस वेळांत काम होते. हीच यादी मुळात विस्कळीत असेल आणि ती लावून घ्यायची असेल, तर बबल सॉर्टने सुमारे पन्नास हजार कोटी तुलना होतात. मर्ज सॉर्टने सुमारे दोन कोटी. हा फरक वेगवान संगणक विकत घेऊन भरून निघत नाही. हे ज्याला आकड्यांत मांडता येते त्याला अल्गोरिदम कळला. ज्याने नुसता कोड पाठ केला आहे तो ‘असे का?’ या पुढच्याच प्रश्नाला अडतो.

डेटाबेसचेही तसेच आहे. एडगर कॉड यांनी १९७० साली रिलेशनल मॉडेल मांडले आणि आजही बँकांपासून रेल्वेच्या आरक्षणापर्यंत त्याच कल्पनेवर काम चालते. गाडीत एकच बर्थ उरली आहे आणि दोन गावांतले दोन प्रवासी एकाच क्षणी ती मागतात; दोघांनाही ती मिळू नये आणि पैसे कापले गेल्यावर तिकीट हुकूही नये, याची हमी ट्रान्झॅक्शन देते. त्यासाठी कुलूप लावावे लागते. दोन प्रक्रियांनी एकेक कुलूप धरून दुसऱ्याच्या कुलपाची वाट पाहिली, की दोघीही कायमच्या अडकतात. हाच तो डेडलॉक. तो घडायला चार अटी एकाच वेळी पुऱ्या व्हाव्या लागतात, असे १९७१ सालच्या एका शोधनिबंधात मांडले गेले आणि त्या चार अटी आजही मुलाखतीत विचारल्या जातात. नेटवर्कचा आवडता प्रश्न तर एका ओळीचा असतो: ब्राउझरमध्ये पत्ता टाइप करून एंटर दाबल्यावर काय होते? नावावरून आयपी पत्ता शोधण्यापासून जोडणी, कूटलेखन आणि पान उमटण्यापर्यंत या एका प्रश्नावर अर्धा तास बोलता येते. कोण किती खोलवर जातो, एवढेच मुलाखत घेणारा बघत असतो.

पायानंतर प्रोजेक्ट. अंतिम वर्षाचे खरे वजन इथे आहे. पुण्यात सातव्या सत्रात त्याचा पहिला टप्पा असतो आणि आठव्यात दुसरा. तीन-चार जणांचा गट, एक मार्गदर्शक, विषयाची मंजुरी, सिनॉप्सिस, मधले रिव्ह्यू, शेवटी अहवाल आणि बाहेरच्या परीक्षकांसमोर तोंडी परीक्षा, असा हा क्रम. अहवालाची बांधीव प्रत ‘ब्लॅक बुक’ म्हणून ओळखली जाते. तयार प्रोजेक्ट विकणारे सगळीकडे आहेत आणि तिसरा रिव्ह्यू जवळ आला की त्यांच्याकडे जाणारेही असतात. त्यात फसवणूक आहेच. शिवाय त्यात स्वतःचे मोठे नुकसान आहे. नोकरीच्या मुलाखतीत ज्याला अनुभव म्हणता येईल असे नवख्या उमेदवाराकडे हे एकच काम असते, आणि तेच त्याला समजावून सांगता येत नाही.

विषय मोठा असण्यापेक्षा खरा असावा. उदाहरण म्हणून गावातल्या दूध संकलन केंद्राचा हिशेब घेता येईल. वरवर पाहता हे क्षुल्लक काम आहे: शेतकऱ्याचे नाव, लिटर, फॅट, एसएनएफ (फॅटखेरीजचे घनपदार्थ), दरपत्रक आणि दहा दिवसांचे बिल. प्रत्यक्ष करायला घेतले की अडचणी एकेक करून समोर येतात. दर दहा दिवसांच्या मधेच बदलला, तर जुन्या नोंदींना जुनाच दर लागला पाहिजे. म्हणजे दर तारखेसह साठवायला हवा. नोंद होत असताना वीज गेली, तर दूध मापले गेले पण खात्यावर चढले नाही, असे होता कामा नये. एकाच घरातले बाप-लेक एकाच नावाने दूध घालत असतील, तर ओळख नावावरून नको, क्रमांकावरून हवी. आणि पैसे दशांश चिन्हासह साठवले, तर वेगळाच घोळ होतो. संगणक दशांश अपूर्णांक द्विमान पद्धतीत ठेवतो आणि ०.१ ही संख्या त्याला तंतोतंत ठेवता येत नाही, त्यामुळे ०.१ आणि ०.२ यांची बेरीज बरोबर ०.३ येत नाही. हजारो नोंदींत हा फरक साठत जातो. त्यावर साधा उपाय म्हणजे रक्कम पैशांत, पूर्णांकात ठेवायची. हे ज्या विद्यार्थ्याला स्वतःच्या चुकीतून कळले, त्याचा प्रोजेक्ट गाजलेल्या नावाच्या पण उसन्या प्रोजेक्टपेक्षा शंभर पटींनी मोलाचा असतो.

गटातले काम कोणाचे किती, हा नेहमीचा वाद. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये तयार केलेल्या गिटवर पहिल्या दिवसापासून कोड ठेवला, तर कोणी, कधी, काय बदलले याची नोंद आपोआप राहते. वाद तर मिटतोच, पण कंपनीत ज्या पद्धतीने काम चालते तिची सवयही आधीच लागते. कोड लिहून देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने आता प्रत्येकाच्या हाताशी आहेत. ती वापरण्यात गैर काही नाही. त्यांनी दिलेल्या ओळी स्वतःला समजल्याशिवाय स्वीकारणे मात्र गैर आहे, कारण तोंडी परीक्षेत उत्तर द्यायला ते साधन शेजारी बसत नाही.

कॅम्पसची निवड बहुधा ठरलेल्या टप्प्यांनी होते: गणित, तर्क आणि भाषेची अ‍ॅप्टिट्यूड चाचणी, मग कोडिंग, मग तांत्रिक मुलाखत आणि शेवटी एचआर. अ‍ॅप्टिट्यूडमध्ये मुख्यतः काळ-काम-वेग आणि शेकडेवारी असते. स्कॉलरशिपच्या परीक्षेला बसलेल्यांना ते परके वाटू नये. तरी सर्वांत जास्त विद्यार्थी याच टप्प्यावर गळतात, कारण वेळ लावून सराव केलेला नसतो. मराठी माध्यमातून आलेल्यांची अडचण वेगळी असते. विषय येतो, पण इंग्रजीत वाक्य जुळेपर्यंत धीर सुटतो. त्यावर व्याकरणाच्या शिकवणीपेक्षा रोजचा एक उद्योग जास्त कामी येतो: एक संकल्पना आधी मराठीतून मित्राला समजावायची आणि मग तीच साध्या इंग्रजीत. मुंबई आयआयटीच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ या उपक्रमात अनेक संगणकीय साधनांचे धडे मराठीतूनही आहेत, त्यांचा इथे आधार होतो. रेझ्युमे एका पानाचा असावा. त्यावर लिहिलेल्या प्रत्येक शब्दावर प्रश्न येऊ शकतो. आठ भाषांची नावे लिहून एकीतही दहा ओळी लिहिता न येण्यापेक्षा दोनच लिहिलेल्या बऱ्या.

ऑफर लेटर आले की घरात पेढे वाटले जातात, आणि वाटावेतच. मात्र ते नीट वाचलेही पाहिजे. ‘सीटीसी’ म्हणजे हातात येणारा पगार नव्हे. समजा, वर्षाला ३,६०,००० रुपये सांगितले, म्हणजे महिन्याला ३०,००० झाले. मूळ वेतन १५,००० धरले, तर कंपनीने भरायचे भविष्य निर्वाह निधीचे १,८०० रुपये आणि ग्रॅच्युइटीचे सुमारे ७२० रुपये बहुतेक वेळा याच रकमेत मोजलेले असतात. कर्मचाऱ्याचे स्वतःचे १,८०० आणि व्यवसाय कराचे २०० रुपये वजा केले की हातात साडेपंचवीस हजारांच्या आसपास उरतात. कामगिरीवर अवलंबून असलेला भाग आणि विम्याचा हप्ता त्यातच धरला असेल, तर आणखी कमी. पुण्यात खोलीचे भाडे आणि खानावळ ठरवण्याआधी हा हिशेब मांडलेला बरा. रुजू होण्याची तारीख पत्रात आहे का, तेही बघावे; मंदीच्या काळात ऑफर हातात असूनही कित्येक महिने बोलावणे न आलेले विद्यार्थी पुष्कळ आहेत.

ठरावीक मुदतीआधी नोकरी न सोडण्याच्या करारनाम्याबद्दल, म्हणजे बाँडबद्दल, सर्वांनाच धास्ती असते. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ७४ नुसार करार मोडल्यास वाजवी भरपाई मागता येते. करारात लिहिलेली रक्कम ही तिची कमाल मर्यादा असते. मुदत आणि रक्कम वाचूनच सही करावी. मूळ गुणपत्रिका आणि प्रमाणपत्रे कुणाकडेही ठेवायला देऊ नयेत. नोकरी लावण्यासाठी जो पैसे मागतो, त्याच्याकडे नोकरी नसते.

नोकरी हीच एक वाट नाही. एम.टेक.च्या प्रवेशासाठीची गेट परीक्षा तिसऱ्या वर्षापासून देता येते. तीन तास, ६५ प्रश्न, १०० गुण. त्यांतले १५ गुण सामान्य अ‍ॅप्टिट्यूडचे. स्कोअर तीन वर्षे चालतो, म्हणून नोकरी धरूनही तो राखून ठेवता येतो. संगणकशास्त्राच्या पेपरच्या जोडीला २०२४ पासून डेटा सायन्स आणि कृत्रिम बुद्धिमत्तेचा स्वतंत्र पेपरही आहे. कॅम्पसमध्ये निवड न झालेल्या अनेकांना पुण्यातच १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅकचा पदव्युत्तर डिप्लोमा उपयोगी पडला आहे. त्याची प्रवेश परीक्षा वेगळी असते आणि अभ्यासक्रम काही महिन्यांचा, पण सकाळपासून संध्याकाळपर्यंत कसून करून घेणारा. बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्सची तीन वर्षांची पदवी घेणाऱ्यांसाठी एमसीए हा सरळ रस्ता आहे. २०२०-२१ पासून तो दोन वर्षांचा झाला आहे. जर्मनीला शिकायला जायचे असेल, तर नोव्हेंबर २०२२ पासून व्हिसासाठी शैक्षणिक कागदपत्रांच्या पडताळणीचे एपीएस प्रमाणपत्र लागते आणि ते मिळायला वेळ जातो. परदेशाचे बेत सातव्या सत्रातच आखावे लागतात ते यामुळेच.

राहता राहिली कागदपत्रे. हा भाग रटाळ आहे आणि नेमका तोच ऐनवेळी नडतो. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधार कार्डावर शेवटी, पॅनवर वडिलांचे नाव गाळलेले, पासपोर्टवर स्पेलिंग निराळे, असे असेल तर कंपनीच्या पडताळणीत आणि व्हिसाच्या वेळीही अडते. सुधारणा पदवीच्या आधी सोपी असते, नंतर प्रतिज्ञापत्रे आणि खेटे. मध्ये वर्ष गेले असेल, तर गॅपचे प्रतिज्ञापत्र करून ठेवावे. सर्व सत्रांच्या गुणांची विद्यापीठाने प्रमाणित केलेली ट्रान्सक्रिप्ट मिळायला काही आठवडे लागतात. परदेशी विद्यापीठांना ती हवीच असते.

शेवटच्या सत्राचा निकाल लागला म्हणजे पदवी प्रमाणपत्र आपोआप हातात येत नाही. पदवीदान समारंभासाठी विद्यापीठाकडे वेगळा अर्ज आणि शुल्क भरावे लागते, त्याची मुदत असते, आणि प्रमाणपत्रावर छापायचे नाव त्याच अर्जात तपासून द्यायचे असते.