हातात बसणारे यंत्र

मराठीत ‘हात बसणे’ आणि ‘हातात बसणे’ असे दोन वेगळे वाक्प्रचार आहेत. पहिला माणसाच्या सरावाविषयी बोलतो, दुसरा वस्तूच्या घडणीविषयी. खुरप्यावर हात बसायला एखादा हंगाम पुरतो. पण खुरपे हातात बसावे यासाठी त्याची मूठ नीट तासलेली असावी लागते. गावातील सुतार मूठ बसवून देताना ज्याचे अवजार त्याच्याच हातात ते एकदा देतो, धरून पाहायला सांगतो आणि जिथे बोचते तिथे आणखी थोडे लाकूड काढतो. माप घेण्याचे साधन त्याच्याजवळ नसते. वापरणारा समोर उभा असतो, तेवढे पुरते.

मोबाइल फोन, टॅब्लेट, दूरचित्रवाणीचा रिमोट, रेशन दुकानातील यंत्र या वस्तूंना ही सोय नाही. त्या लाखोंच्या संख्येने एकाच साच्यातून निघतात आणि त्यांचा वापरणारा कारखान्यापासून फार दूर असतो. म्हणून त्या घडवताना कोणाचा तरी हात ‘सर्वांचा हात’ म्हणून गृहीत धरावा लागतो. तो कोणाचा धरला जातो, आणि ज्यांचा हात त्या गृहीतात बसत नाही त्यांचे काय होते, हे समजून घेणे हा या लेखाचा हेतू आहे. आपल्या शाळेच्या परिवारात शेतात, बांधकामावर, ऊसतोडीत राबलेले हात पुष्कळ आहेत. तेव्हा हा प्रश्न आपल्यापासून दूरचा नाही.

प्रथम हाताविषयी. मानवी हातात २७ हाडे आहेत. ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन नेपियर यांनी १९५६ मध्ये हाताच्या पकडीचे दोन मूळ प्रकार सांगितले. एक बळाची पकड: कोयत्याची मूठ आपण चारही बोटांनी तळव्याशी आवळून धरतो आणि अंगठा वरून आधार देतो. दुसरी नेमकेपणाची पकड: सुईत दोरा ओवताना वस्तू अंगठा आणि बोटांच्या टोकांत असते, तळव्याचा संबंध येत नाही. हातात धरण्याची बहुतेक अवजारे या दोहोंपैकी एकच पकड मागतात. मोबाइल फोन मात्र एकाच हाताकडून, एकाच वेळी, दोन्ही मागतो. चार बोटांनी त्याला धरून ठेवायचे आणि त्याच हाताच्या अंगठ्याने पडद्यावर नेमके टिपायचे. अंगठा कामाला गेला की पकडीतील त्याचा आधार सुटतो, भार करंगळीवर येतो आणि फोन निसटू पाहतो. या यंत्राच्या अडचणींपैकी निम्म्या तरी या एका गोष्टीतून उगवतात.

हात वस्तूला नुसता धरत नाही, तो तिला वाचतोही. तळहाताच्या बाजूच्या त्वचेत स्पर्श टिपणारे सुमारे १७,००० मज्जातंतू आहेत. काही दाब ओळखतात, काही कंप, तर काही वस्तू किंचित सरकल्याचे टिपतात. आपल्या लक्षात येण्याआधीच बोटे आपोआप घट्ट होतात ती त्यांच्यामुळे. या वाचनात फसगतही होते. पितळी तांब्या हाताला गार लागतो आणि शेजारचा पोळपाट लागत नाही. वास्तविक दोन्हींचे तापमान एकच असते, फक्त धातू हातातील उष्णता झपाट्याने ओढून घेतो. धातूच्या चौकटीचा फोन म्हणूनच प्लॅस्टिकच्या फोनपेक्षा ‘भारी’ वाटतो. वजनाचेही तसेच. समान वजनाच्या दोन वस्तूंपैकी आकाराने लहान असलेली आपल्याला जड वाटते, हे फ्रेंच वैद्य ऑगस्तँ शार्पाँतिए यांनी १८९१ मध्येच दाखवून दिले होते. लहानसा, भरीव फोन उचलताच ‘दणकट दिसतो’ असे आपण म्हणतो, त्यात या भ्रमाचा वाटा मोठा असतो.

हाताचे माप घेऊन वस्तू घडवण्याची शिस्त रुजवणाऱ्यांत अमेरिकन रचनाकार हेन्री ड्रेफस यांचे नाव अग्रभागी आहे. १९४९ साली आलेल्या अमेरिकन दूरध्वनीचा कान-तोंडाला लावायचा भाग त्यांच्या देखरेखीखाली घडला. पुढे १९५५ च्या पुस्तकात त्यांनी ‘जो’ आणि ‘जोसेफीन’ अशा दोन नमुना-माणसांची मापे आराखड्यांसह मांडली. वस्तू या दोघांना सोयीची झाली की ती सर्वांना सोयीची, अशी त्यामागची धारणा. विचार उदार होता यात शंका नाही; पण जो आणि जोसेफीन दोघेही अमेरिकन होते. भारतीय शरीराच्या मापांचा व्यवस्थित संग्रह अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने देबकुमार चक्रवर्ती यांच्या ग्रंथाच्या रूपाने प्रसिद्ध केला तो १९९७ साली. तोवर आपल्याकडे मोबाइल सेवा सुरू होऊन दोन वर्षे झाली होती.

हातात धरून बोलता येईल अशा सेल्युलर फोनवरून पहिले संभाषण मोटोरोला कंपनीचे मार्टिन कूपर यांनी ३ एप्रिल १९७३ रोजी न्यूयॉर्कमध्ये केले. तो नमुना एक किलोहून अधिक वजनाचा होता. दहा वर्षांनी, १९८३ मध्ये, बाजारात येण्यासाठी सिद्ध झालेला त्याचा अवतार सुमारे ७९० ग्रॅमचा होता आणि त्याची किंमत ३,९९५ डॉलर होती. ही वस्तू हातात मावत होती एवढेच. ती हातात बसत होती असे म्हणवत नाही.

ती बसवायची कशी, याचे मला सर्वांत आवडणारे उदाहरण जेफ हॉकिन्स यांचे आहे. खिशात मावणारा, लेखणीने चालवायचा छोटा संगणक त्यांना बनवायचा होता. त्यांनी आधी यंत्र बनवले नाही. सदऱ्याच्या खिशात बसेल एवढा लाकडाचा ठोकळा कापला आणि तो घेऊन ते वावरू लागले. बैठकीत कोणी भेटीची वेळ विचारली की ठोकळा बाहेर काढायचा, लाकडी काडीने त्यावर लिहिल्यासारखे करायचे आणि पुन्हा खिशात ठेवायचा. पाहणाऱ्यांना हा प्रकार विचित्र वाटत असणार. पण हाताला काय हवे आहे हे त्या निर्जीव ठोकळ्याने सांगितले, आणि १९९६ मध्ये ‘पायलट’ नावाने यंत्र आले तेव्हा ते खरोखरच खिशातले झाले. आतली यंत्रणा काय करू शकते याआधी हात काय करू शकतो हे विचारणारी ही रीत गावच्या सुताराच्या रीतीला जवळची आहे. फरक इतकाच, की हॉकिन्स यांनी हात मोजला तो स्वतःचा.

आपल्याकडील घराघरांत पोहोचलेले उदाहरण म्हणजे नोकिया ११००. हा फोन २००३ मध्ये आला आणि जगभरात त्याचे २५ कोटींहून अधिक नग विकले गेले. वजन ८६ ग्रॅम, रुंदी ४६ मिलिमीटर. मुठीत घेतला की बोटे सहज त्याच्याभोवती वळत. विकसनशील देशांतील ग्राहक डोळ्यांपुढे ठेवूनच त्याची रचना झाली होती. घामाने ओला झालेला हात घसरू नये म्हणून कडा खडबडीत, धूळ शिरू नये म्हणून कळफलकावर अखंड आवरण, आणि डोक्याशी विजेरी. भारनियमनाच्या काळात महाराष्ट्राच्या खेड्यांत या विजेरीने किती काम केले, हे ज्यांनी ते दिवस काढले त्यांना सांगायला नको. रात्री पाण्याची पाळी आली की एका हातात फावडे आणि दुसऱ्यात हा फोन असे.

त्या काळच्या कळफलकांची आणखी एक खूण सहसा कोणी पाहत नाही. पाच या अंकाच्या कळीवर किंवा तिच्या कडेला एक बारीक उंचवटा असतो. अंगठ्याला तो लागला की बाकीच्या कळा कुठे आहेत हे न पाहता कळते. प्रत्येक कळीखाली एक छोटा घुमट असतो. तो दाबताच खचतो आणि पुन्हा उसळतो, त्यामुळे कळ दाबली गेल्याची पावती बोटालाच मिळते. दृष्टिहीन व्यक्ती, अंधारात चालणारा शेतकरी, अक्षर न ओळखणारी आजी या सर्वांना हा फोन डोळ्यांची मदत फारशी न घेता वापरता येत असे.

२००७ मध्ये आयफोन आला आणि कळा काचेत विरघळल्या. काचेमुळे खूप काही मिळाले, हे मान्य केलेच पाहिजे: चित्रे, नकाशे, मराठीत टंकलेखन. २००९ पासून पडद्यावरील मजकूर वाचून दाखवण्याची सोय आली आणि दृष्टिहीनांसाठी पुन्हा वाट उघडली. पण हाताला मिळणारी पावती गेली. ती किती मोलाची होती हे कंपन्यांच्याच वागण्यावरून दिसते. २०१६ च्या आयफोन ७ मध्ये खालचे गोल बटण हलणारे नव्हतेच. दाब पडताच आतील छोटे यंत्र असा कंप देई की बटण दबल्याचा भास व्हावा. जी वस्तू काढून टाकली तिची आठवण हाताला कृत्रिमरीत्या द्यावी लागली.

धरण्याची रीत यंत्राला न मानवण्याचा एक प्रसंग प्रसिद्ध आहे. २०१० च्या आयफोन ४ मध्ये कडेची धातूची पट्टीच अँटेनाचे काम करीत होती. डाव्या हातात स्वाभाविकपणे धरल्यास तळवा पट्टीतील फटीवर येई आणि संदेशलहरी क्षीण होत. तसे धरणे टाळावे, असा सल्ला आधी देण्यात आला. शेवटी कंपनीने मोफत आवरणे वाटली.

दरम्यान फोन रुंदावत गेले. पहिला आयफोन ६१ मिलिमीटर रुंद होता, २०११ चा गॅलेक्सी नोट ८३ मिलिमीटर. आजचे बहुतेक फोन ७० ते ७८ मिलिमीटरांच्या दरम्यान आणि २०० ग्रॅमच्या आसपास आहेत. पाश्चात्त्य मोजमापांत प्रौढ पुरुषाचा हात सरासरीने १९ सेंटिमीटरच्या आसपास लांब असतो, स्त्रीचा १७ च्या आसपास. म्हणजे जो फोन पुरुषाला जेमतेम पेलतो, तो बहुसंख्य स्त्रियांना एका हाताने वापरताच येत नाही. शाळकरी मुलांचे तर बोलायलाच नको. अंगठा वरच्या कोपऱ्यापर्यंत ताणला जातो आणि मनगटाच्या अंगठ्याकडील बाजूचे स्नायुबंध दुखावतात. स्विस शल्यविशारद फ्रिट्झ डी क्वेर्व्हेन यांनी १८९५ मध्ये वर्णन केलेला हा विकार तान्ह्या बाळाला वारंवार उचलणाऱ्या मातांना होत असे. अंगठ्याने सतत टंकलेखन करणाऱ्यांनाही आता तोच त्रास होताना दिसतो.

आकारापेक्षाही खोलवरचा भेद काचेच्या स्वभावात आहे. आजचा पडदा कॅपॅसिटिव्ह असतो. काचेखालच्या पारदर्शक जाळीत सूक्ष्म विद्युतभार खेळत असतो. शरीरातील पाणी आणि क्षार यांमुळे बोट विजेचे वाहक असते, ते जवळ आले की भार बदलतो आणि तो बदल यंत्र टिपते. येथे दाबाला महत्त्वच नाही. ज्या बोटाला घट्टे पडले आहेत, त्याची कोरडी, जाड त्वचा एखाद्या हातमोज्यासारखी मध्ये उभी राहते. मग तो माणूस आणखी जोराने दाबतो, आणि जोराचा उपयोग होत नाही. शेजारचे कोणी तरी म्हणते, ‘यांना फोन वापरता येत नाही.’ वास्तविक फोनलाच तो हात वाचता येत नसतो.

याउलट, ५ ऑक्टोबर २०११ रोजी विद्यार्थ्यांसाठी आलेल्या ‘आकाश’ या स्वस्त टॅब्लेटचा पडदा रेझिस्टिव्ह होता. त्यात दोन थर दाबाने एकमेकांना टेकतात. बोट असो, नख असो वा काडी, त्याला सगळे सारखेच. पडदा जड चालतो म्हणून त्यावर टीका झाली आणि पुढच्या आवृत्तीत तो बदलला. टीका योग्यच होती. तरीही राकट हाताला न नाकारणारा पडदा तोच होता, हेही नोंदवायला हवे.

रेशन दुकानातील यंत्रावर ही गोष्ट सर्वांत टोकदार होते. बोटांच्या टोकांवरील बारीक रेषा हेच तेथे ओळखपत्र. सिमेंट, चुना, विटा आणि उसाची पाने हाताळून त्या रेषा झिजतात. ठसा जुळत नाही म्हणून माणसे बोट कपाळावर, केसांवर घासतात, ओल्या फडक्याला टेकवतात आणि पुन्हा ठेवतात. दुसरे बोट, डोळ्याची बुबुळे, मोबाइलवर येणारा संकेतांक असे पर्याय असतात. परंतु ते माहीत असावे आणि दुकानात उपलब्धही असावे लागतात. आयुष्यभर ज्या हातांनी काम केले, त्यांच्याच कामाची खूण तेथे ओळखीच्या आड येते.

कामाचा हात ध्यानात घेऊन केलेले यंत्र कसे असते, हे पाहायचे तर एस.टी.च्या वाहकाचे कळांचे तिकीट यंत्र आठवावे. पूर्वी तिकिटांचा ट्रे आणि छिद्र पाडण्याचा चिमटा असे. त्यांच्या जागी आलेले हे यंत्र डाव्या हाताच्या तळव्यात राहते आणि उजव्या हाताची बोटे ठळक कळांवर फिरतात. चालत्या गाडीत, आसनाच्या दांडीला टेकून, प्रवाशाच्या तोंडाकडे पाहतच वाहक तिकीट काढतो. अलीकडे ही यंत्रेही काचेच्या पडद्याची होऊ लागली आहेत.

फोन खरेदीच्या वेळी दुकानात कॅमेऱ्याचे आकडे ऐकवले जातात, रुंदी कोणी सांगत नाही. ज्याच्यासाठी फोन घ्यायचा त्यालाच सोबत न्यावे. तो एका हातात धरून अंगठा पडद्याच्या मध्यापर्यंत पोहोचतो का, हे त्याने स्वतः पाहावे. पाच मिनिटे धरून उभे राहावे, म्हणजे करंगळीच उत्तर देईल. घट्टे पडलेल्या हाताने पडद्यावर दहा अंकी क्रमांक लिहून पाहावा. पडदा ऐकत नसेल तर सेटिंगमध्ये स्पर्शाची संवेदनशीलता वाढवण्याची सोय काही फोनांत असते, ती दुकानदाराकडूनच सुरू करून घ्यावी. आणि घरातील वृद्धांसाठी कळांचा साधा फोन घेत असाल, तर पाचच्या कळीवरचा उंचवटा त्यांच्या अंगठ्याला लागतो का, तेवढे पाहून घ्यावे.