गोंगाटातील हृदयगती : मनगटी यंत्राच्या नोंदीची विश्वसनीयता

प्रस्तावना : परभणी जिल्ह्यात सोयाबीनच्या काढणीनंतर शेतोशेती चालणारी मळणी यंत्रे, मानवत-सेलू परिसरातील जिनिंग कारखाने आणि गणेश विसर्जनाच्या मिरवणुका ही मोठ्या आवाजाची परिचित स्थळे होत. अशा ठिकाणी मनगटावरील फिटनेस बँड हृदयगती एकाएकी १५० दाखवू लागल्यास, ‘आवाजामुळे यंत्र चुकले’ असे समजून त्या नोंदीकडे दुर्लक्ष होण्याचा संभव असतो. या समजामुळे धोक्याची खरी सूचनाही डावलली जाऊ शकते. म्हणून तो शास्त्रीय कसोटीवर तपासणे आवश्यक ठरते.

कार्यतत्त्व : स्टेथोस्कोप ध्वनीवर अवलंबून असल्याने गोंगाटात त्याचा उपयोग मर्यादित होतो. मनगटी यंत्र मात्र प्रकाशावर चालते. त्यातील हिरवा प्रकाश त्वचेत शिरतो व रक्तातील हिमोग्लोबिन तो मोठ्या प्रमाणात शोषून घेते. प्रत्येक ठोक्यासरशी रक्ताचे प्रमाण बदलते, त्यानुसार परत येणारा प्रकाश कमीअधिक होतो आणि या चढउतारांवरून हृदयगती काढली जाते.

ध्वनीचा प्रत्यक्ष परिणाम : १०० डेसिबल आवाजाचा हवेतील दाब सुमारे २ पास्कल असतो, याउलट ठोक्यागणिक रोहिणीतील दाबात होणारा बदल सुमारे ४० मिलिमीटर पारा, म्हणजे ५,३०० पास्कल असतो. शिवाय मिनिटाला ६० ते १८० ठोके म्हणजे सेकंदाला १ ते ३ आवर्तने होत. कानाला ऐकू येणारा ध्वनी मात्र सुमारे २० आवर्तनांपासून सुरू होतो. सारांश, केवळ आवाजाने ही नोंद बिघडत नाही.

चुकीची खरी कारणे : नाचताना, ढोल वाजविताना किंवा मळणी यंत्रात पीक लोटताना मनगट हलते, पट्टा सरकतो आणि बाहेरचा प्रकाश आत शिरतो. मिनिटाला १२० वेळा पडणारा ताल म्हणजे सेकंदाला २ आवर्तने; तो नाडीच्याच पट्ट्यात येतो. परिणामी हातापायांच्या तालालाच यंत्र नाडी समजू शकते. अशा वेळी नोंद प्रत्यक्षापेक्षा जास्त किंवा कमीही येते.

शरीराचा प्रतिसाद : मोठ्या आवाजाने अनुकंपी मज्जासंस्था उद्दीपित होऊन हृदयगती खरोखरच वाढू शकते. श्रम, उकाडा व शरीरातील पाण्याची कमतरता यांची त्यात भर पडते. ध्वनिप्रदूषण नियम, २००० अन्वये निवासी क्षेत्रासाठी दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा ठरविण्यात आली, त्यामागे आरोग्याचाच विचार आहे.

पडताळणी : शंकास्पद नोंद आढळल्यास आवाजापासून दूर जाऊन हात स्थिर ठेवावा व पट्टा नीट बसवावा. त्यानंतर अंगठ्याच्या बाजूची नाडी दोन बोटांनी ३० सेकंद मोजून संख्या दुप्पट करावी. ठोके अनियमित वाटल्यास पूर्ण मिनिट मोजावे. छातीत दुखणे, चक्कर किंवा धाप ही लक्षणे असल्यास यंत्रावरील आकडा कोणताही असो, वैद्यकीय मदत घ्यावी. निदानासाठी ईसीजी हेच प्रमाण मानावे.

निष्कर्ष : गोंगाटात यंत्र हालचालीमुळे चुकते आणि हृदयगती आवाजामुळे वाढतेही. म्हणून राष्ट्रीय सेवा योजना व क्रीडा विभागाच्या उपक्रमांत विद्यार्थ्यांना बोटांनी नाडी मोजण्याचे शिक्षण देणे उपयुक्त ठरेल.