घरातील लहान कुत्रा आणि स्वच्छतेची सवय

कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडे ते वाकडेच, अशी मराठीत म्हण आहे. शेपटापुरती ती खरी असेल. परंतु तिचा आधार घेऊन कुत्र्याला काही शिकविणेच व्यर्थ होय असे ठरविण्यात एका मुक्या जिवावर मोठा अन्याय होतो. बेळगाव, खानापूर, निपाणी या भागात आता लहान जातीचे कुत्रे हौसेने पाळले जातात. पांढराशुभ्र केसाळ स्पिट्झ, ज्याला लोक सरसकट पामेरियन म्हणतात, तो यांत पुष्कळांच्या ओळखीचा. १९९४ सालच्या ‘हम आपके हैं कौन’ या चित्रपटातला टफी त्याच जातीचा. पुढे २००३ साली एका दूरध्वनी कंपनीच्या जाहिरातीने चपट्या नाकाचा पग घराघरांत पोचविला. पिल्लू घरी येते त्या दिवशी सारे घर त्याच्याभोवती जमते. आठ दिवसांनी ते देवघराच्या उंबऱ्याशी किंवा आजोबांच्या सतरंजीवर ओले करते आणि महिन्याभरात हे पिल्लू ठेवावे की नाही, असा प्रश्न निघतो. काही पिल्लांच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर म्हणजे गावाबाहेरचा रस्ता. उपासमार होईल अशा स्थितीत प्राण्याला टाकून देणे हा १९६० च्या प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायद्यान्वये गुन्हा आहे. परंतु पहिल्या अपराधास त्यात दहा ते पन्नास रुपये दंड सांगितलेला असल्यामुळे त्याचा धाक कितीसा असणार? घरात वाढलेले ते दोन-तीन किलोंचे जनावर मोकाट कुत्र्यांच्या टोळीत फार दिवस टिकत नाही.

वास्तविक हा प्रश्न जुन्या घरांना पडलाच नव्हता. दत्तात्रेयांच्या चित्रात त्यांच्या पायांशी चार कुत्रे असतात, खंडोबाच्याही सोबतीला कुत्रा आहे. सातारच्या शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याचे स्मारक संगम माहुलीस आजही दाखविले जाते. मुधोळच्या मालोजीराव घोरपड्यांनी जोपासलेल्या शिकारी कुत्र्यांची कीर्ती तर बेळगावकरांच्या शेजारचीच. पण हे सारे उंबऱ्याबाहेरचे कुत्रे. कौलारू घराच्या पुढे अंगण, मागे परसू, पलीकडे शेत. कुत्रा पडवीत निजे आणि त्याचे देहधर्म तो कोठे उरकतो याची कोणी चौकशी करीत नसे. आजचा लहान कुत्रा मात्र तिसऱ्या मजल्यावरच्या चार खोल्यांत राहतो. त्याला परसू नाही, दार त्याच्या हाती नाही, आणि गुळगुळीत फरशी व माती यांतला भेद त्याला कोणी समजावून सांगितलेला नाही.

निसर्गाने मात्र या शिक्षणाचा पाया आधीच घातलेला असतो. जन्मल्यावर पहिले काही आठवडे पिल्लाला स्वतःहून मलमूत्रविसर्जन करता येत नाही. आई त्याचे पोट व मागचा भाग चाटते, त्या स्पर्शाने ते घडते, आणि आईच सारे साफ करते. सुमारे तीन आठवड्यांचे झाले की पिल्लू डुगडुगत निजण्याची जागा सोडून चार पावले दूर जाते. स्कॉट व फुलर या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी पाच जातींच्या कुत्र्यांचे अनेक वर्षे निरीक्षण करून १९६५ साली आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. पिल्लाच्या आयुष्यातील तिसऱ्या ते बाराव्या आठवड्याचा काळ त्याच्या घडणीत किती मोलाचा असतो, हे त्यातून स्पष्ट झाले. आठव्या-नवव्या आठवड्याच्या सुमारास तर पिल्लू विसर्जनासाठी ठराविक जागा धरू लागते. पिल्लू नव्या घरी येते ते बहुधा याच वयात. त्याच्या पायांखाली त्या वेळी माती असेल तर त्याला मातीची ओढ लागते, गालिचा असेल तर गालिच्याची. म्हणून ‘अजून लहान आहे, मोठे झाले की शिकवू’ हा विचार दयाळूपणाचा वाटला तरी चुकीचा आहे.

लहान जातींविषयी असा प्रवाद आहे की ते हट्टी असतात व लवकर शिकत नाहीत. यातला हट्टाचा भाग बाजूला ठेवून शरीराचा भाग पाहावा. दीड-दोन किलोंच्या पिल्लाचे मूत्राशय ते केवढे असणार! पिल्लाचे वय जितके महिने, त्यात एक मिळवावा, तितके तास ते दिवसा थांबू शकते, असा एक ढोबळ हिशेब आहे. म्हणजे दोन महिन्यांचे पिल्लू फार तर तीन तास, आणि लहान जातीचे त्याहूनही कमी. शिवाय अशा पिल्लाला एका वेळी थोडेच खाता येते. ते फार वेळ उपाशी राहिले तर त्याच्या रक्तातील साखर उतरून ते गळून पडते. त्यामुळे त्याला दिवसातून तीन-चार वेळा खाऊ घालावेच लागते, आणि जितक्या वेळा अन्न तितक्या वेळा पोटाची हालचाल. पिल्लू चुकते ते बहुधा हट्टाने नव्हे. घरातल्या माणसांचे घड्याळ चुकलेले असते.

हे घड्याळ कसे लावावे? झोपेतून उठताच, खाल्ल्यावर पंधरा-वीस मिनिटांत, खेळ थांबताच आणि रात्री निजण्यापूर्वी पिल्लाला त्याच्या ठरलेल्या जागी न्यावे; पहिले काही आठवडे मध्यरात्रीनंतरही एकदा उठावे. चालवीत नेण्याऐवजी उचलून न्यावे, कारण वाटेतच कार्य उरकण्याचा संभव असतो. जागा रोज तीच असावी, म्हणजे आदल्या वेळेचा वास त्याला आठवण देतो. लसी पुऱ्या होईपर्यंत, म्हणजे साधारण चार महिन्यांचे होईपर्यंत, त्याला रस्त्याकडेच्या जागी नेऊ नये. पार्व्हो नावाच्या रोगाचे विषाणू मातीत महिनोन्‌महिने जिवंत राहतात आणि त्या रोगाने लहान पिल्ले पाहता पाहता दगावतात. स्वतःचे अंगण असेल तर उत्तम. नसेल तर गच्चीचा किंवा सज्जाचा कोपरा. तेथे वाचून झालेली वर्तमानपत्रे पसरावीत. पानावर कोणाचा अग्रलेख आहे याची पिल्लू पर्वा करीत नाही. वरची ओली पाने काढून टाकताना खालचे एखादे किंचित वासाचे पान राहू द्यावे.

पुढची युक्ती आपल्या घरांतल्या आज्यांना शिकवावी लागत नाही. तान्ह्या मुलाला पायांवर धरून ‘शूऽऽ’ असा आवाज करीत लघवी करविण्याची रीत घरोघर आहे. मूल काही दिवसांत तो आवाज व ती क्रिया यांची सांगड घालते. रशियन शरीरशास्त्रज्ञ पाव्हलॉव्ह, ज्यांना पचनक्रियेवरील संशोधनाबद्दल १९०४ साली नोबेल पारितोषिक मिळाले, त्यांनी कुत्र्यांवर जे प्रयोग केले त्यांचा गाभा हाच होता: अन्नाच्या आधी नित्य एखादा आवाज ऐकविला की काही दिवसांनी केवळ त्या आवाजाने कुत्र्याच्या तोंडाला लाळ सुटते. पिल्लू योग्य जागी बसले की हलक्या आवाजात एकच शब्द उच्चारावा आणि त्याचे कार्य संपताच, अगदी त्या क्षणी, भाकरीचा अथवा उकडलेल्या अंड्याचा कण द्यावा व पाठीवर हात फिरवावा. घरात परत आल्यावर दिलेला खाऊ हा पिल्लाच्या लेखी घरात आल्याचा खाऊ असतो. मूळ गोष्टीशी तो जोडला जात नाही.

शब्द एकच हवा, ही गोष्ट सीमाभागात विशेष जपावी लागते. येथे एकाच घरात आजी ‘ये’ म्हणते, शेजारची मुले कानडीत ‘बा’ म्हणतात आणि इंग्रजी शाळेत जाणारा नातू ‘कम’ म्हणतो. माणसांना या तिन्ही भाषा एका श्वासात बोलता येतात. पिल्लाला मात्र ते तीन निरनिराळे आवाज वाटतात. भाषेचा वाद त्याला नाही. कोणतीही एक स्वीकारावी, पण घरातील सर्वांनी तीच पाळावी. कामाला येणाऱ्या बाईंनाही तो शब्द सांगून ठेवावा, कारण पुष्कळ घरांत दुपारचे चार तास पिल्लाची खरी सोबत त्यांचीच असते.

आता शिक्षेविषयी. पिल्लाचे नाक त्याच्याच घाणीत घासावे, गुंडाळलेल्या वर्तमानपत्राने एक तडाखा द्यावा, असे उपाय आजही मोठ्या खात्रीने सांगितले जातात. त्यांनी पिल्लू काय शिकते ते पाहावे. कृत्य आणि त्याचे फळ यांत काही क्षणांचेच अंतर असेल तर कुत्रा ती दोन जोडू शकतो. अर्ध्या तासाने बसलेला मार त्याला आकाशातून पडल्यासारखा वाटतो. ऐन विसर्जनाच्या वेळी मार बसला तर तो एवढाच अर्थ घेतो की माणसांसमोर हे करणे धोक्याचे. मग ते पिल्लू पलंगाखाली, कपाटामागे जाऊ लागते आणि बाहेर नेले तरी मालकाच्या देखत मोकळे होत नाही. यावर उत्तर असे मिळते की, ‘त्याला आपला गुन्हा कळतो, तोंड बघा कसे करतो!’ न्यूयॉर्कच्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात या अपराधी चेहऱ्याचीच तपासणी केली. मालक रागावला की कुत्रे तो चेहरा करीत, मग त्यांनी चूक केलेली असो वा नसो. तो चेहरा पश्चात्तापाचा नव्हे, समोरच्या रागाला दिलेले ते उत्तर होय. काही लहान कुत्री तर कोणी अंगावर वाकले किंवा मोठ्याने बोलले की भीतीनेच थेंब-दोन थेंब सोडतात. अशांना दटावणे म्हणजे आगीत तेल ओतणे. त्यांच्याकडे पाहू नये, खाली बसून हात पुढे करावा आणि त्यांना आपण होऊन जवळ येऊ द्यावे.

चूक घडताना दिसलीच तर टाळी वाजवून लक्ष वेधावे व पिल्लाला उचलून जागेवर न्यावे. नंतर दिसली तर मुकाट्याने पुसावे. पुसण्यातही एक मेख आहे. अमोनियाच्या वासाचे द्रव फरशीला लावू नयेत. मूत्रालाही तसाच वास असल्यामुळे ते पिल्लाला निमंत्रणच ठरते. फिनेलचा उग्र वास माणसाचे समाधान करतो, आणि ते पिल्लाच्या पंजांवरून त्याच्या तोंडात जाते ते वेगळेच. साध्या पाण्याने टिपून घेऊन वर पाणी मिसळलेला शिरका फिरवावा. पशुवैद्यकीय दुकानांतून यासाठी विकराचे द्रवही मिळतात. ते अधिक चांगले.

जेव्हा लक्ष ठेवणे शक्य नसेल तेव्हा पिल्लाला सारे घर मोकळे करून देऊ नये. निजण्याची जागा न घाण करण्याची जी उपजत प्रवृत्ती वर सांगितली, तिचा येथे उपयोग होतो. अंग वळवून निजता येईल एवढी पेटी किंवा फळीने अडविलेला छोटा कोपरा पुरे. जागा फार मोठी झाली तर पिल्लू एका टोकाला निजते व दुसऱ्या टोकाला घाण करते. परंतु त्याला तेथे थांबता येते त्याहून अधिक वेळ कोंडले तर ती प्रवृत्तीच मोडते. निपाणीकडच्या घरांत या अटकावाला दुसरेही कारण आहे. तो मुलूख विडीच्या तंबाखूचा. कित्येक घरांत बायका मांडीवर सूप घेऊन विड्या वळतात. चुरा जमिनीवर सांडतो, थोटके अंगणात पडतात. पिल्लू दिसेल ते तोंडात घालते, आणि तंबाखूतील निकोटिन एवढ्याशा जिवाला थोड्या प्रमाणातही मारक ठरते. लाळ गळणे, ओकाऱ्या, थरथर ही त्याची लक्षणे. ती दिसताच घरगुती उपायांत वेळ न घालविता पशुवैद्य गाठावा.

बेळगावात हे सारे वेळापत्रक कोलमडते ते जून लागला की. झड आठ-आठ दिवस उघडत नाही, अंगणात लाल चिखल होतो, आणि पोटाला ओले गवत लागणारे बुटके कुत्रे दाराबाहेर पाऊल टाकायला तयार होत नाही. उन्हाळ्यात शिकलेला कुत्रा श्रावणात पुन्हा घरात घाण करू लागतो आणि मालक हताश होतो. यासाठी पावसाळ्यापूर्वीच छपराखालची जागा सवयीची करून ठेवावी. पडवीत किंवा पत्र्याखाली एखाद्या जुन्या पसरट घमेल्यात अंगणातलीच माती भरावी, वर गवताचा तुकडा ठेवावा. जमिनीचा स्पर्श ओळखीचा असला की कुत्रा ती जागा लवकर स्वीकारतो. परत आल्यावर पंजे व पोट कोरडे पुसावे. साचलेल्या पाण्यात उंदरांच्या मूत्रातून येणारे लेप्टोचे जंतू असू शकतात. त्याची लस आहे, ती पावसाच्या आधी टोचून घ्यावी.

इतके केल्यावर किती दिवस लागतात? मोठ्या जातींची पिल्ले बहुधा पाच-सहा महिन्यांची होईतो भरवशाची होतात. लहान जातींना कधी वर्षही लागते. नर कुत्रा वयात येऊ लागला की टेबलाच्या पायाशी तंगडी वर करतो. ती हद्द आखण्याची खूण असून तिचा या शिक्षणाशी संबंध थोडा आहे. शस्त्रक्रियेने नर निर्बीज केल्यास ती सवय पुष्कळदा कमी होते. आणि वर्षानुवर्षे स्वच्छ राहिलेला कुत्रा एकाएकी घरात लघवी करू लागला, वारंवार बसू लागला किंवा त्यात रक्त दिसले, तर तो बिघडला असे समजू नये. मूत्रमार्गाचा दाह किंवा खडा यांची ती चिन्हे असतात. सकाळची पहिली लघवी स्वच्छ बाटलीत धरून कुत्र्याबरोबर त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्यावी.