नाचणाऱ्या गर्दीत नशा काय करते

छत्रपती संभाजीनगरच्या गारखेड्यातल्या पोरांचा डीजे म्हणजे वरातीतला, नाहीतर विसर्जनाच्या मिरवणुकीतला. शहरात ‘बटण’ म्हणून विकल्या जाणाऱ्या गुंगीच्या गोळ्यांचं नावही त्यांच्या कानावर असतंच. या गोळ्या बऱ्याचदा नायट्राझेपामच्या, म्हणजे मुळात निद्रानाशावरच्या औषधाच्या असतात. एरवी झोप आणणारी ही गोळी मनावरचा लगामही सैल करते. त्यात दारू पडली की साध्या धक्क्यावरून हातघाई होते. श्वास मंदावण्याचा धोका वेगळाच. गर्दीचा स्वभाव ठेक्यावर ठरतो, तसाच पोटात गेलेल्या पदार्थावरही.

गोव्यात हे फार आधी दिसलं. हणजुणे-वागातोरच्या किनाऱ्यांवर सत्तरच्या दशकात हिप्पी आले, सोबत एलएसडी आली. या नशेत काळ ताणल्यासारखा वाटतो. पार्ट्या रात्र संपली तरी थांबेनात, गाण्यांतले शब्द गळाले, उरली ती एकसलग लय. नव्वदच्या दशकात तिलाच जगाने ‘गोवा ट्रान्स’ म्हटलं. सॅन फ्रान्सिस्कोहून आलेला डीजे गोवा गिल चोवीस तास सलग वाजवण्यासाठी ओळखला जाई. हे संगीत केवळ नशेचं अपत्य मानणं मात्र अन्यायाचं ठरेल. समुद्र, पौर्णिमा आणि नाचाची निखळ ओढ यांचाही त्यात वाटा होता.

मँचेस्टरच्या ‘हसिएंडा’ क्लबची कहाणी अधिक बोलकी आहे. 1988च्या सुमारास तिथे एक्स्टसी, म्हणजे एमडीएमए, पसरली. हे रसायन मेंदूतलं सेरोटोनिन एकदम मोकळं सोडतं, म्हणून अनोळखी माणसंही गळ्यात पडू लागली. दारूऐवजी लोक पाणी मागत. बारचा गल्ला आटला. 1989 मध्ये एक किशोरवयीन मुलगी दगावली. मागोमाग गोळ्यांच्या धंद्यावर कब्जा मिळवायला टोळ्या आल्या, बंदुका आल्या. 1997 मध्ये क्लब बंद पडला. जिव्हाळ्याचं ते वातावरण विक्रेत्यांच्या ताब्यात जायला दहा वर्षंही लागली नाहीत.

महाराष्ट्रात मार्च 2007 मध्ये सिंहगडाच्या पायथ्याशी डोणज्याजवळ चाललेल्या रेव्ह पार्टीवर पोलिसांनी छापा घालून अडीचशेहून अधिक तरुणांना ताब्यात घेतलं. छापे हवेतच. पण अशा पार्ट्या मग आडरानात सरकतात, आणि तिथे दवाखाना लांब असतो.

एमडीएमएने शरीराचं तापमान चढतं, तासन्‌तास नाचून आणखी भडकतं. घाबरून भरमसाट पाणी प्यायलं तर रक्तातलं सोडियम घसरतं आणि तेही जीवघेणं ठरतं. शिवाय पुडीत नेमकं काय आहे, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. इंग्लंडमध्ये 2016 साली एका महोत्सवात ‘द लूप’ या संस्थेने लोकांनी आणून दिलेले नमुने तपासले. सुमारे पाचातला एक सांगितल्यापेक्षा भलताच निघाला.

आपल्याकडे 1985च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात सेवनालाही शिक्षा आहे, म्हणून मित्र कोसळला की बाकीचे पांगतात. स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला त्याच कायद्याचं कलम 64-अ काही अटींवर खटल्यापासून संरक्षण देतं, हे फार थोड्यांना माहीत आहे. मिरवणुकीत कुणी बेशुद्ध पडला तर त्याला कुशीवर वळवावं, 108 ला फोन करावा आणि त्याने काय घेतलं होतं ते डॉक्टरांना न लपवता सांगावं.