पाठीशी घालणारी माया

दिवाळीनंतर कापूस विकला, की आमच्या जामनेर तालुक्यात हातात पैसा खेळतो. आरोग्यसेविका म्हणून गावोगाव फिरताना दारूवरून होणारी भांडणं मी त्याच दिवसांत जास्त पाहिली. पिणाऱ्याबद्दल सगळेच बोलतात. मला बोलायचंय त्याच्या भोवतालच्या माणसांबद्दल.

एका घरात माय मुलाची उधारी गुपचूप फेडायची. "सिस्टर, गावात नाव जातं ना," म्हणायची. थोरला भाऊ त्याच्या वाट्याची वखरणी उरकायचा. बायको जिनिंगच्या मुकादमाला निरोप धाडायची, "त्यांना ताप आलाय." तिघांचीही मायाच ती. पण तिच्यापायी पिण्याची किंमत पिणाऱ्याला कधी मोजावीच लागली नाही.

व्यसनमुक्तीच्या कामात अशा माणसाला 'एनेबलर' म्हणतात. एरवी हा शब्द चांगल्या अर्थाचा: दुसऱ्याला समर्थ करणारा. लेकीला शाळेसाठी सायकल घेऊन देणारा बापही एनेबलरच. व्यसनाच्या घरात मात्र त्याचा अर्थ होतो फाजील लाड करणारा, चुकांवर पांघरूण घालणारा. दोघांतला फरक ओळखायला मी एकच प्रश्न विचारते: तुमच्या मदतीनं तो स्वतः उभा राहतोय, की त्याचा भार तुमच्यावर येतोय?

१९५१ साली अमेरिकेत पिणाऱ्यांच्या नातलगांसाठी 'अल-अनॉन' सुरू झालं. पुण्यात डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेल्या 'मुक्तांगण'मध्ये रुग्णांच्या बायकांसाठी 'सहचरी' हा गट आहे. कारण पितो एक, पण आजारी पडतं अख्खं घर.

पाठीशी घालणं थांबवायचं म्हणजे माणसाला टाकायचं नाही. त्याला जेवायला वाढा, दवाखान्यात सोबत जा. उधारी फेडू नका, खोटा निरोप धाडू नका. रोज पिणाऱ्याची दारू घरच्या घरी एकदम तोडू नका. झटके येऊन जीवावर बेतू शकतं, म्हणून डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडवा. मारहाण होत असेल, तर बाईनं आधी स्वतःला आणि लेकरांना सुरक्षित ठिकाणी न्यावं. आणि गावानं तिला बोल लावू नये. ते व्यसन तिनं लावलेलं नाही.

१४४४६ ही व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन मोफत आहे. फोन पिणाऱ्यानंच करावा असं नाही. उधारी फेडून थकलेल्या मायनंही तो करावा. सल्ला तिलाही मिळतो.